सोळा चौकोन

"यंत्र चित्राचे सोळा चौकोन पाडेल. कमी नाही, जास्त नाही." कंपनीच्या वकिलांनी पेटंटातलं वाक्य मराठीत सांगितलं आणि कागद खाली ठेवला. "आमच्या यंत्रात चौसष्ट आहेत."

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली दुपार होती. बीडच्या कोर्टात वीज गेली होती. परळीत टीव्ही दुरुस्त करणारा महांतेश साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घामानं भिजला होता. चित्राचे चौकोन पाडायचे आणि जो चौकोन बदलला तेवढाच टेलिफोनच्या तारेतून पुढं धाडायचा, ही युक्ती त्याची. दुकानाच्या माळ्यावर सहा वर्षं त्यात गेली. आता कंपनी तशीच यंत्रं देशभर विकत होती, म्हणून त्यानं दावा लावला होता. सोळा हा आकडा नमुन्यादाखल आहे असं कोर्टानं मानलं, तर युक्ती त्याची. नाहीतर कंपनी मोकळी.

"सोळाच का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"माझ्याकडं तेवढ्यापुरत्याच चिप होत्या, साहेब. चौकोन कितीबी पाडा, चालतंय."

"मग तसं लिहिलं का नाही?"

 पेटंटाचा मसुदा महांतेशनं तहसीलीसमोर बसून जमिनीचे दस्त लिहिणाऱ्या धोंडीरामकाकांकडून करून घेतला होता. कॉलेजातल्या सरांनी त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं. आकडा सैल सोडला की शेजारी बांध कोरतो, एवढं काकांना पक्कं ठाऊक होतं.

कंपनीच्या वकिलांनी पुढची साक्ष काकांचीच ठेवली होती. काका इस्त्रीचं धोतर नेसून आले होते.

"हा आकडा नमुन्यादाखल लिहिलात का?" वकिलांनी अगदी आदरानं विचारलं.

"छे, साहेब. बत्तीस वर्षं दस्त लिवतोय. आपल्या कागदात नमुना नसतो. सोळा म्हंजी सोळा."

महांतेशला वाटलं, उठून म्हाताऱ्याचं तोंड दाबून धरावं. न्यायाधीशांनी उत्तर लिहून घेतलं. वकिलांनी काकांना वाकून नमस्कार केला.

दावा फेटाळल्याचं महिन्याभरानं कळलं. निकालाची नक्कल घेऊन महांतेश तहसीलीसमोर गेला आणि ती काकांच्या टेबलावर आपटली. काकांनी चष्मा लावून सगळी पानं चाळली. सोळाचं वाक्य निकालात जसंच्या तसं उतरवलेलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि शेजारच्या दस्तलेखकालाही दाखवलं.

"बघ, महांतेश. मुंबईचा एवढा मोठा वकील, पर माझं एक अक्षर बी खोडू शकला न्हाई."