हसण्याची जागा

"हल्ली काय वाचलंत?" अच्युतने विचारलं.

आलुपोह्यांच्या बशा नुकत्याच रिकाम्या झाल्या होत्या. मुलगी पाहायला आलेल्या माणसाने स्वयंपाकाचं, शिवणाचं, फार तर भजनाचं विचारायचं. समुद्रपूरच्या त्या बैठकीत सगळेच जरा गोंधळले. सुमतीचे थोरले भाऊ मधुकरराव खाकरले. दाराआडून यशोदावहिनीने खूण केली, थोडक्यात सांग.

सुमती सत्तावीस वर्षांची होती. मुलींच्या शाळेत शिकवायची आणि वाचनालयातून कादंबऱ्या आणून त्यांचा फडशा पाडायची. याआधीची स्थळं 'मुलगी फार बोलते' म्हणून परत गेली होती. थोडक्यात सांगणं तिला याही वेळी जमलं नाही.

"एक वाचली," ती म्हणाली. "नायक बॅरिस्टर व्हायला विलायतेला जातो. नायिका बारा वर्षं त्याची वाट पाहते, आणि तो दारात पाऊल टाकतो त्याच सकाळी मरते. सगळे म्हणतात, वाचून रडू येतं. मला राग आला. बारा वर्षं तग धरलेली बाई नेमकी त्याच दिवशी कशी मरेल? लेखकाला पुढचा संसार लिहायचा कंटाळा आला असेल, दुसरं काय."

अच्युत पुढे सरकून ऐकत होता.

"दुसरीत पहिली साठ पानं नुसता घाट. धुकं, झाडं, झरे. माणूस औषधालाही नाही. परत करून टाकली."

"आणि अजून वाचायच्या राहिल्यात त्या?" अच्युतने विचारलं.

"वाचनालयाच्या वरच्या फळीवरच्या. बायकांना देत नाहीत. मी चिटणीसांना म्हटलं, मला द्यायच्या नसतील तर तुम्ही वाचा आणि त्यात वाईट काय आहे ते तरी सांगा."

"सुमे," मधुकरराव म्हणाले, "चहाचं बघ."

सुमती उठली. हेही स्थळ गेलं, हे तिला कळून चुकलं होतं. तेवढ्यात अच्युतच्या आई, कुंताबाई, बोलल्या. कारंज्याहून येताना मळ्यातली वांगी पिशवीभर घेऊन आलेल्या, आल्यापासून गप्पच बसलेल्या.

"पुस्तकं तं आमच्या घरीबी पेटीभर पडून हायेत. आधीच्या सुनेची. ते बिचारी गेली, आता कोन वाचते? कितीदा म्हनलं, रद्दीत दे. हा ऐकतच नाई."

अच्युत बिजवर आहे, हे सुमतीला ठाऊक होतं. पेटीचं ठाऊक नव्हतं. ती पुन्हा खाली बसली.

"तुम्ही वाचलीत ती?"

"नाही," अच्युत म्हणाला. तो कचेरीत कारकून होता; समोरच्याकडे न पाहता बोलायची त्याला सवय असावी. "मला वाचनाचा नादच नव्हता. ती वाचता वाचता हसायची. एकटीच, तोंडाला पदर लावून. काय झालं म्हणून मी कधी विचारलं नाही. एका पुस्तकावर तर फार हसायची. ते आता मी काढलंय. संध्याकाळी थोडं थोडं वाचतो. पण ती कुठे हसत असेल ते काही कळत नाही."

बाहेरून कापसाने भरलेली बैलबंडी खडखडत गेली.

"कशावर आहे पुस्तक?" सुमतीने हळूच विचारलं.

"एक मामलेदार आहे. त्याचं पागोटं बकरी खाते. तिथवर आलोय."

सुमतीने ओठ आवळले. हसायची ही वेळ नव्हती. तरी तिला राहवेना.

"अहो, बकरीपाशी नाही हसायचं! पुढे जा. कलेक्टरसाहेब दौऱ्यावर येतात आणि पागोटं तर बकरीच्या पोटात. मग हा बायकोचं लुगडं डोक्याला गुंडाळतो. साहेबापुढे वाकून मुजरा करतो तर पदर सुटून नाकापुढे लोंबतो. पदरावर हा एवढा मोर! साहेब मोराकडे बघतो, याच्याकडे बघतो आणि विचारतो, 'मामलेदार, हा कोणत्या खात्याचा?'"

शेवटचे शब्द तिला धड बोलता आले नाहीत. तिने तोंडाला पदर लावला. अच्युत तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. हसता हसता त्याने चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा हसला. मधुकररावांनाही हसू आवरेना.

कुंताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुमतीकडे.

"त्या मोरावर हसे का ते?"

"त्याच्यावरच," सुमती म्हणाली. "तिथे न हसता कुणाला पुढे जाताच येत नाही."

"मी चुलीपाशी राहो, अन् ते खोलीत हसे," कुंताबाई म्हणाल्या. "मले वाटे, मलेच हसून राह्यली. दोन-दोन दिवस मी तिच्यासंग बोलत नव्हती."

सुमतीने तोंडावरचा पदर खाली घेतला. वहिनी चहा घेऊन आली, ती उंबऱ्यातच थांबली. मधुकररावांनी घड्याळ पाहिलं. "वर्धेच्या मोटरची वेळ झाली," ते म्हणाले. अच्युत अर्धवट उठला.

कुंताबाईंनी त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. मग स्वतः सतरंजीवरून सरकत सुमतीच्या अगदी जवळ येऊन बसल्या.

"जाऊ दे मोटर. दुसरी भेटन. तू सांग पोरी, मंग मामलेदार काय म्हने?"