करून दाखव

शेठच्या गाडीने लमाईच्या पोरीला उडवलं, त्याला तीन दिवस झाले. गुन्हा शेठच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने, सवैंगने, कबूल केला होता. आज बँकॉकच्या रिवाजाप्रमाणे पोलीस त्याला पत्रकारांसमोर सगळं पुन्हा करून दाखवायला गल्लीत घेऊन आले. पोरीच्या आत्म्यासाठी लाल सरबताची बाटली घेऊन लमाईही आली होती.

सवैंग स्टिअरिंगपाशी बसला, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. कबुली त्याची होती, सीट मात्र शेठच्या उंच लेकाच्या मापाने मागे सरकवलेली. फौजदाराने ती मुकाट्याने पुढे ओढली आणि मगच कॅमेरे वर झाले.

“आता बोट दाखव काका. पोरगी कुठे पडली?”

सवैंग गांगरून इकडेतिकडे बघत राहिला. शेवटी त्याने विजेच्या खांबाकडे बोट केलं. तेवढ्यात लमाई दिसली, तसे त्याने दोन्ही हात कपाळाशी जोडले आणि मान खाली घातली.

लमाई पुढे झाली. पार पलीकडे, गटाराच्या झाकणापाशी तिने बाटली ठेवली.

 

“तिथे नाही काका, इथे पडली ती. एवढं तरी खरं दाखवा.”