फोटोची चौकट
आमच्या मतदारसंघाचा इतिहास कुणी लिहून ठेवला नाही, पण आमदारांच्या कचेरीतल्या एका फोटोच्या चौकटीत तो सगळा आहे. मी इथला शिपाई. निवडणूक झाली की नवा फोटो जुन्याच्या पुढे सरकवायचा आणि मागून फळी लावून खिळे ठोकायचे, ही माझी तीस वर्षांची पद्धत. आज मात्र फळी काही केल्या बसेना. सकाळीच शपथ घेऊन आलेले साहेब वैतागले. “मागचा सगळा कचरा आधी फेकून द्या.” मी एकेक फोटो काढून टेबलावर मांडला. तळाशी मास्तर होते, अकरा मतांनी निवडून आलेले. त्यांच्यावर त्यांना पाडणारे त्यांचेच जावई. तेव्हा सासूबाई दारोदार मतं मागत फिरल्या होत्या, त्याही जावयासाठी. पुढचे चारही फोटो साहेबांचेच निघाले. दर फोटोत छातीवरचा बिल्ला वेगळ्या पक्षाचा आणि डोक्यावरचे केस आधीपेक्षा कमी. हसू तेवढं जसंच्या तसं. “साहेब, यातला कचरा कुठला तेवढं सांगा,” मी म्हणालो, आणि आता आपली बदली पक्की असं धरून चाललो. साहेब बराच वेळ ते चार चेहरे न्याहाळत राहिले. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “राहू देत सगळे. सुताराकडून चौकटच जरा खोल करून घ्या.” मी मान डोलावली. “आणि हे बघा,” ते म्हणाले, “अजून एका फोटोपुरती जागा राहू द्या.”