तिसरी फळी

"नदीच्या या पट्ट्याला आजपासून राज्याचं संरक्षण!" सरकारी साहेबांनी जाहीर केलं आणि काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या मासोळीच्या होत्या. पोरांना पोहायला शिकवता शिकवता तिचे केस पिकले होते, म्हणून लहानथोर सगळे तिला मासोळीच म्हणत. आता वरच्या अंगाला धरण होणार नव्हतं. पाणी असंच खळाळत राहणार होतं.

त्यासाठी तिने वडिलांनी बांधलेला लाकडी धक्का स्वतःच्या हाताने तोडला होता. त्याच धक्क्यावरून तिची पोरं पाण्यात उड्या मारत. "तिसरी फळी निसरडी आहे रे, सांभाळून!" हे तर त्यांना पाढ्यासारखं पाठ. पण तिचा थोरला भाऊ, दादा, नदी समितीत होता. तो घरोघर फिरला. "काठ मोकळा दिसला तरच सरकार नदी राखीव करणार. सुरुवात आपल्या घरापासून हवी," म्हणाला. मासोळीने पहार उचलली. तिचं बघून बाकीच्यांनीही आपापले धक्के काढले. काहींनी शिव्या घातल्या, पण काढले. निघालेल्या फळ्या ती चुलीत घालणार होती, तर दादाचे डोळे भरून आले. "जाळू नकोस गं. बाबांची आठवण म्हणून मी ठेवतो."

काठावर आता एकट्या दादाची होड्यांची शेड उरली होती. "आत हत्यारं आहेत, पुढच्या आठवड्यात पाडतो," असं तो म्हणत आला होता. तो पुढचा आठवडा काही उजाडला नव्हता.

साहेब नियम सांगू लागले. यापुढे काठावर नवं काहीही बांधता येणार नाही. आज जे उभं आहे ते मात्र राहील, डागडुजी करून वापरताही येईल.

टाळ्या वाजवणारे मासोळीचे हात थांबले. "मग साहेब, आमचे धक्के?"

"लाकडी ना? ते राहिले असते की! समितीच्या पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं आम्ही. तुम्ही काढलेत कशाला?"

तिने दादाकडे पाहिलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता.

गर्दी पांगली. शेजारीण जाता जाता म्हणाली, "बहीणभावाचं छान जमलं हं!" नदी तर वाचली होती. म्हणूनच मासोळीला धड रडताही येईना.

"इकडे ये गं," शेडच्या मागून दादाची हाक आली. तिथे, काठावरून दिसणार नाही अशी, पाण्यावर पुढे काढलेली लाकडी पडवी होती. तिला हिरवा रंग फासला होता.

"रागावू नकोस. पोरांना इथे आण पोहायला. आता काठावर एवढीच तर जागा उरलीय. इतरांना पूर्ण तिकीट, तुझ्या पोरांना निम्मं." त्याने हात पुढे केला. "ये वर. जपून हं, यातली एक फळी जरा निसरडी आहे."

मासोळीने चप्पल काढली आणि अनवाणी पाऊल फळीवर टेकवलं. रंगाखालचं लाकूड तळव्याने लगेच ओळखलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी ठोकली तेव्हापासून निसरडीच आहे ती."