गोणपाट

दर महिन्याला दोघी भावजया आळीपाळीनं बाहेर बसायच्या, न्हाणीमागं गोणपाटावर चार दिवस पाठ टेकायच्या. त्यांच्या वाट्याचं कामही कौसाच ओढायची. वीस वर्षांची झाली तरी तिला पाळी आलीच नव्हती. "तुमचं बरंय ताई, कटकटच न्हाई," भावजया म्हणायच्या. आज आईनं तिला नांदेडच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, गुणसूत्रं पुरुषाची, पण अंगानं पुरुषी संप्रेरकं मानलीच नाहीत, म्हणून वाढ बाईची. गर्भाशय नाही, पाळी येणार नाही. घरी पोचताच थोरली म्हणाली, "आलात? हळदीची कढई चढलीय, जाळ घाला." कौसानं पिशवी ठेवली, गोणपाट ओढलं अन् बसली. "मी बाहेर बसले." "आली का एकदाची?" थोरली हरखली. कौसानं आईकडं पाहिलं. आईनं तांब्यातून वरूनच तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. "शिवू नका गं तिला. निजू द्या चार दिवस."