गुरुवारची सुट्टी

“बस गं कंपनीची उभी नाक्यावर, धन्याची भाकर अजून तव्यावर.” भाकरी थापताना आई स्वतः रचलेली ओवी म्हणायची आणि अण्णा हसत चाकणच्या बसकडे पळायचे. आईला वारून चार वर्षं झाली. अण्णांची सुट्टी गुरुवारी, तेजस्विनीची रविवारी. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवरच चालायचं. आजच्या गुरुवारी ती मोबाइल घेऊन अण्णांसमोर बसली. तिची बारावी संपली होती आणि संध्याकाळपर्यंत प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक कॉलेज भरायचं होतं: घराजवळचं आकुर्डीचं, नाहीतर कोकणातलं, समुद्राकाठचं, हॉस्टेलचं. दोन्ही नावाजलेली. “आकुर्डीच भरते,” ती म्हणाली. “तुमच्या जेवणाचं कोण बघणार?” “मला येतंय की करता. परवाचं पिठलं कुत्र्यानंबी खाल्लं.” ती हसली नाही. तिचं बोट आकुर्डीवर जाताच अण्णांनी मोबाइलवर हात ठेवला. “माझ्यासाठी थांबू नगंस. चार वर्षं हे बोललो न्हाई, पोरी. तुझी आई गेल्यापास्नं तू असलीस तरी मला घर खायला उठतं.”