गॉगलमधल्या ठिणग्या

खंडेनवमीला पर्वत पाटिया या कामगार वस्तीतल्या दीड खोलीच्या घरात हत्यारांना सुट्टी असायची. कापड विणायच्या लूमचे सुटे भाग घासून देणाऱ्या सुकदेवने ग्राइंडरचा प्लग काढून ठेवला, चाकावर झेंडूचं फूल वाहिलं आणि शेजारच्या पाटावर आपला जाड काचेचा गॉगलही मांडला. तो डोळ्यांवर असल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा त्याचा नेमच होता.

दुपारी जेवून तो चटईवर कलंडला. डोळे जड होत असताना त्याला गॉगलच्या काचेत ठिणग्या दिसल्या. संथ, केशरी, पाकळ्या गळाव्यात तशा. त्याने ग्राइंडरकडे पाहिलं. चाक स्थिर होतं, फूल जागच्या जागी होतं.

"आज पूजा शे ना," मंगलाबाई आतून म्हणाली, "मशीन कसाले चालू करं?"

"बंदच शे," सुकदेव बायकोला म्हणाला.

उन्हाची तिरीप पडत असेल, म्हणून त्याने गॉगल उचलला. पट्टा कोमट लागला, नुकताच कुणीतरी डोक्यावरून काढल्यासारखा. त्याने तो डोळ्यांवर चढवला.

ग्राइंडर फिरत होता. त्याच्यापुढे सुकदेवचाच निळा सदरा घातलेला माणूस वाकून लोखंड घासत होता, ठिणग्यांत अगदी रमून गेला होता. सुकदेवला ते नुसतं बघत बसावंसं वाटलं.

मग त्या माणसाने तोंड वळवलं. तोंडही सुकदेवचंच होतं. डोळे घट्ट मिटलेले होते, आणि गॉगल परत मागायला त्याने चाचपडत हात पुढे केला.